आठ आकड्यांची पळवाट

परदेशी मालावरील शुल्क वाढले की वृत्तपत्रांत मथळे झळकतात आणि स्वदेशीचा आग्रह धरणाऱ्या आपल्यासारख्यांना समाधान वाटते. १ फेब्रुवारी २०२५ रोजी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी निटेड कापडावरील सीमाशुल्क वाढवल्याची घोषणा केली, तेव्हाही असेच झाले. पूर्वीच्या 'दहा किंवा वीस टक्के' या दराऐवजी 'वीस टक्के किंवा किलोमागे ११५ रुपये, यांपैकी जे अधिक असेल ते' असा नवा दर ठरला. लुधियान्याच्या कारखानदारांची ती जुनी मागणी होती. निर्णय योग्यच होता आणि त्यामागील हेतूविषयी शंका घेण्याचे काहीही कारण नाही. परंतु ही वाढ निटेड कापडाच्या केवळ नऊ ओळींना लागू होती. 'नऊ' हा शब्द भाषणात होता, मथळ्यांत मात्र तो बहुधा नव्हता. परदेशी कापडाचे सारे राजकारण त्या एका शब्दात दडलेले आहे.

ओळ म्हणजे काय, हे आधी पाहू. सीमाशुल्क दर कायदा, १९७५ च्या पहिल्या अनुसूचीत जगातील यच्चयावत वस्तूंची यादी आहे. जागतिक सीमाशुल्क संघटनेने १९८८ पासून लागू केलेल्या पद्धतीनुसार प्रत्येक वस्तूला सहा अंकी संकेतांक असतो. पुढचे दोन अंक आपण आपले जोडतो, म्हणजे एकूण आठ. या आठ आकड्यांसमोर शुल्काचा दर लिहिलेला असतो. बंदरात उतरलेल्या गठ्ठ्यावर किती कर पडणार हे गठ्ठ्यात काय आहे यावर ठरते असे आपण समजतो. वास्तविक ते ठरते कागदावर कोणते आठ आकडे लिहिले यावर. संसद दर ठरवते. पण तो दर कोणत्या मालाला लागणार हे वर्गीकरण ठरवते.

मराठीत 'विणणे' हे एकच क्रियापद आहे. इचलकरंजीचा माग विणतो आणि घरातील आजीही स्वेटर विणते. कायदा मात्र दोघांना वेगळे मानतो. मागावर उभे आणि आडवे धागे एकमेकांतून जातात. सुयांवर एकाच धाग्याचे फास एकमेकांत अडकत जातात. सुयांच्या विणीचे कापड अनुसूचीच्या ६० व्या प्रकरणात येते, त्यापासून शिवलेले कपडे ६१ व्या प्रकरणात आणि मागावरच्या कापडाचे कपडे ६२ व्या प्रकरणात. टी-शर्ट, बनियन, पायमोजे, लेगिंग, मुलांचा शाळेचा ट्रॅकसूट, थंडीतले स्वेटर, म्हणजे मध्यमवर्गीय घरातील निम्मे कपाट या ६१ व्या प्रकरणात भरलेले असते.

या प्रकरणाच्या टिपा वाचण्यासारख्या आहेत. कॉलर नसलेला, गळ्याला बटणपट्टी नसलेला हलका सदरा म्हणजे टी-शर्ट, शीर्षक ६१०९. त्यालाच कॉलर लागली की तो ६१०५ मध्ये, पुरुषांच्या शर्टांत जाऊन बसतो. पण त्या शर्टाला कमरेखाली खिसा असेल, किंवा खालच्या कडेला आवळणारी पट्टी असेल, किंवा दर सेंटिमीटरला सरासरी दहापेक्षा कमी टाके असतील, तर तो शर्ट राहात नाही. हे टाके किमान दहा सेंटिमीटर लांब आणि तितक्याच रुंद तुकड्यावर, उभे आणि आडवे दोन्हीकडून मोजायचे असतात. पुढची डावी बाजू उजव्या बाजूवर येऊन बटणे लागत असतील तर कपडा पुरुषाचा, उलट असेल तर स्त्रीचा. ८६ सेंटिमीटर उंचीपर्यंतच्या बालकाचा कपडा हा तान्ह्या मुलांचा कपडा. यात हसण्यासारखे काही नाही. कोणत्या तरी व्यापारयुद्धात कोणी तरी एकाच सदऱ्याला दोन नावे देऊन पाहिली असणार, त्याशिवाय अशी टीप लिहावी लागत नाही.

आता कापडाकडे येऊ, कारण खरी लबाडी तेथे आहे. ६० व्या प्रकरणात सहा शीर्षके आहेत. ६००१ म्हणजे लवदार कापड. ६००२ आणि ६००३ म्हणजे तीस सेंटिमीटरपर्यंतचे अरुंद पट्टे. ६००४ म्हणजे त्याहून रुंद आणि वजनाच्या पाच टक्के किंवा अधिक लवचीक धागा असलेले, ज्याला बाजार सरसकट लायक्रा म्हणतो. ६००५ म्हणजे उभ्या धाग्यांवर यंत्राने विणलेले, ज्याला धंद्यात वार्प-निट म्हणतात. आणि उरलेले सारे ६००६. अर्थसंकल्पातील नऊ ओळी या ६००४ आणि ६००६ या दोनच शीर्षकांखालच्या होत्या. ६००१ आणि ६००५ यांतील एकही ओळ त्या यादीत नव्हती.

हिशेब अवघड नाही. समजा, एखाद्याने कृत्रिम धाग्याचे निट कापड किलोला १५० रुपये भावाने दाखवून वीस टनांचा कंटेनर मागवला. माल ६००६ मधील यादीतल्या ओळीखाली दाखवला तर मूळ शुल्क किलोला ११५ रुपये, म्हणजे कंटेनरमागे तेवीस लाख. तेच कापड किलोमागे रुपयांची अट नसलेल्या ओळीखाली दाखवले आणि तिथे दर अगदी वीस टक्के धरला, तरी शुल्क किलोला तीस रुपये, म्हणजे कंटेनरमागे सहा लाख. कागदावरील चार आकडे बदलल्याचे सतरा लाख रुपये! पूर्वीच्या तस्कराला समुद्रकिनारी अंधारात होडी लावावी लागत असे. आताच्या आयातदाराला दिवसाढवळ्या वातानुकूलित कचेरीत बसून एक रकाना भरावा लागतो.

असे होईलच कशावरून, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर सरकारच्या स्वतःच्या पावलांत आहे. मार्च २०२४ मध्ये विदेश व्यापार महासंचालनालयाने कृत्रिम धाग्याच्या निट कापडाच्या पाच संकेतांकांना किलोमागे साडेतीन डॉलर ही किमान आयात किंमत लावली. चीनमधून अत्यंत पडेल भावाने येणाऱ्या कापडाला आवर घालणे हा उद्देश होता. हे पाचही संकेतांक ६००६ खालचे होते. काही महिन्यांतच उद्योगाकडून तक्रार सुरू झाली की तोच माल शेजारच्या संकेतांकांतून येतो आहे. वर्षाच्या उत्तरार्धात मुदत वाढवताना पाचाचे तेरा संकेतांक करावे लागले. एका दाराला कडी लावली की माल दुसऱ्या दाराने येतो, हा धडा २०२४ मध्ये मिळाला होता. तरीही २०२५ च्या अर्थसंकल्पात पुन्हा निवडक दारांनाच कुलूप!

ही पळवाट इतकी सोपी का आहे? पहिले कारण असे की २०११ पासून सीमाशुल्काचे स्वयंनिर्धारण आहे. आपला माल कोणत्या ओळीत बसतो हे आयातदार स्वतःच ठरवतो आणि बिल ऑफ एंट्रीत लिहितो. संगणकाची जोखीम-प्रणाली काही खेपा तपासणीसाठी निवडते, उरलेल्या पुढे जातात. २०२० पासून देशभर 'फेसलेस' मूल्यांकन आले. न्हावा शेवा येथे उतरलेल्या मालाचे कागद दुसऱ्याच शहरातील अधिकारी पाहतो. चिरीमिरी थांबावी, ओळखीपाळखीने काम होऊ नये म्हणून ही सुधारणा झाली आणि ती स्वागतार्हच आहे. पण वार्प-निट आणि साधे निट यांतील फरक संगणकाच्या पडद्यावर दिसत नाही. तो कळण्यासाठी कापड हातात घ्यावे लागते, भिंगाखाली धरावे लागते. साध्या विणीचा शेवटचा धागा ओढला तर ओळ उसवत जाते. वार्प-निट तसे सहजी उसवत नाही. ज्या आजीने आयुष्यात दोन स्वेटर विणले आहेत तिला हे कळेल. पण अधिकाऱ्यासमोर कापड नाही, कागद आहे!

आणि समजा, अधिकाऱ्याला संशय आला. मग सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर. एचपीएल केमिकल्सच्या प्रकरणात २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्टच सांगितले आहे की करदात्याने दाखवलेले वर्गीकरण चूक आहे असे खात्याचे म्हणणे असेल तर पुरावा खात्याने द्यावा. न्यायाच्या दृष्टीने यात वावगे काही नाही. परंतु पुरावा म्हणजे नमुना, प्रयोगशाळेचा अहवाल, आणि तोवर माल कुठे आहे? माल गोदामातून कटिंग टेबलावर आणि तिथून दुकानात गेलेला असतो. शुल्काच्या वसुलीची नोटीस साधारणतः दोन वर्षांच्या आत काढावी लागते. लबाडी सिद्ध होत असेल तर पाच वर्षे. पाच वर्षांनी निघालेली नोटीस घेऊन जाणारा शिपाई त्या पत्त्यावर पोहोचतो, तेव्हा तिथे ती फर्म असेलच याची काय खात्री?

येथे आपल्याच माणसांविषयी बोलले पाहिजे. बिल ऑफ एंट्री चिनी माणूस भरत नाही. ती भरणारा आपला देशबांधव असतो. दिवाळीत चिनी दिव्यांच्या माळा घेऊ नका, असा फलक दुकानावर लावणारा आणि गोदामात चिनी पॉलिस्टरचे तागे चुकीच्या संकेतांकाखाली उतरवून घेणारा माणूस एकच असू शकतो. आपली स्वदेशी चळवळ माळा, पिचकाऱ्या आणि गणपतीच्या मूर्ती यांपाशी थांबली, कारण त्या डोळ्यांना दिसतात. टी-शर्टवरील चिठ्ठी तो कुठे शिवला एवढे सांगते, कापड कुठले ते सांगतेच असे नाही. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत काळबादेवीला परदेशी कापडाच्या मालमोटारीसमोर गिरणी कामगार बाबू गेनू आडवा झाला, तेव्हा त्या मोटारीत काय आहे हे साऱ्या रस्त्याला ठाऊक होते. आजची मोटार बंद कंटेनरची असते, आणि तिच्या कागदांवर सारे काही कायदेशीर दिसते.

वर्गीकरण हे कारकुनी काम आहे, राजकारण नव्हे, असे ज्यांना वाटते त्यांनी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचा आपलाच इतिहास आठवावा. १८९४ च्या अखेरीस इंग्रज सरकारने तिजोरीच्या गरजेपोटी आयात सुती कापडावर पाच टक्के शुल्क बसवले. लँकेशायरच्या गिरणीवाल्यांचे समाधान व्हावे म्हणून त्याचबरोबर हिंदी गिरण्यांच्या सुतावरही तेवढेच उत्पादन शुल्क लावले. पण कोणत्या सुतावर? वीस नंबरहून बारीक असलेल्या. जाड सूत सुटले, कारण जाड मालात लँकेशायरची स्पर्धाच नव्हती. एवढ्यानेही मँचेस्टरचे पोट भरले नाही. हिंदी गिरण्या वीस नंबरच्या रेषेखाली राहून कर चुकवतात आणि आमची गिऱ्हाइके तोडतात, अशी ओरड सुरू झाली. १८९६ मध्ये रेषाच पुसली गेली. सूत दोन्हीकडचे मोकळे झाले, आयात कापडावरचे शुल्क साडेतीन टक्क्यांवर आले आणि हिंदी गिरणीच्या सर्व कापडावर, अगदी गरिबाच्या जाड्याभरड्या कापडावरही, साडेतीन टक्के उत्पादन शुल्क बसले. लोकमान्यांनी त्याविरुद्ध मोहीम उघडली. ते शुल्क पूर्णपणे जायला १९२६ साल उजाडावे लागले. सुताच्या एका नंबरावर साम्राज्याची सारी नीती उघडी पडली होती. रेषा कुठे ओढायची हे त्या वेळी परक्यांच्या हाती होते. आज ती आपण ओढतो. मग ती अर्धवट का ओढतो?

आता दुसरी बाजू, कारण कापड अडवले तरी कपडा येतोच. बांगलादेशाला अल्पविकसित देश म्हणून सार्कच्या मुक्त व्यापार करारात सवलती मिळाल्या. सप्टेंबर २०११ मध्ये डॉ. मनमोहनसिंग यांच्या ढाका भेटीत वस्त्रोद्योगाच्या ४६ वस्तूंना शुल्कमुक्त प्रवेश देण्याचे जाहीर झाले आणि त्याच वर्षी मद्य-तंबाखूसारखे मोजके अपवाद वगळता जवळजवळ सारेच दार उघडले. पुढे ७ ऑगस्ट २०१८ रोजी आपण ३२८ वस्त्र-वस्तूंवरील शुल्क दहावरून वीस टक्के केले. पण ज्याला शुल्कच नाही त्याला दर दुप्पट झाल्याचे काय? शून्याची दुप्पट शून्यच.

आणि इथेही तोच आठ आकड्यांचा खेळ. बाहेरून आणलेल्या कच्च्या मालापासून केलेली वस्तू 'बांगलादेशी' केव्हा ठरते? करारानुसार ढोबळमानाने दोन अटी आहेत. वस्तूचे चार अंकी शीर्षक बदलले पाहिजे आणि अल्पविकसित देशात किमान तीस टक्के मूल्यवाढ झाली पाहिजे. चीनचे ६००६ मधील कापड ढाक्यात कापून शिवले की ते ६१०९ होते. शीर्षक बदलले. शिलाई, बटणे, मजुरी, नफा धरून तीस टक्के भरून काढणे फारसे कठीण नाही. झाला सदरा बांगलादेशी! तेच कापड लुधियान्याच्या वा उल्हासनगरच्या छोट्या शिलाई कारखानदाराने प्रामाणिकपणे आयात केले तर किलोला ११५ रुपये भरावे लागतात. म्हणजे आपण अडवले कोणाला? आपल्याच शिंप्याला.

न्यायासाठी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. बांगलादेशाच्या सुती होजिअरीत भारतीय सूत मोठ्या प्रमाणावर जाते आणि तो आपल्या सूतगिरण्यांचा धंदा आहे. म्हणून तिकडून येणारा प्रत्येक सदरा चिनी कापडाचा आहे असे समजणे चूक ठरेल. पण हे सूतही एप्रिल २०२५ मध्ये बांगलादेशाने भूमार्गाने घेणे बंद केले. त्यानंतर १७ मे २०२५ रोजी भारताने तिकडच्या तयार कपड्यांना भूमार्ग बंद करून न्हावा शेवा आणि कोलकाता ही दोनच सागरी बंदरे खुली ठेवली. उत्तर चोख होते. तथापि बंदर बदलल्याने वाहतुकीचा खर्च आणि वेळ वाढतो. मूळ देश कोणता आणि शुल्क किती, हे प्रश्न जिथल्या तिथेच राहतात.

या सगळ्यावर दोन आक्षेप नेहमी घेतले जातात. पहिला निर्यातदारांचा: कापडावर शुल्क वाढवले तर तिरुपूरची निर्यात महागेल. हा आक्षेप ऐकायला भारदस्त आणि तपासायला पोकळ आहे. निर्यातीसाठी लागणारा कच्चा माल अग्रिम परवान्यावर शुल्कमुक्त आणता येतो. ज्याला खरोखर निर्यात करायची आहे त्याला हे ११५ रुपये भरावेच लागत नाहीत. तक्रार आहे ती निर्यातीच्या नावाने देशी बाजारात माल ओतणाऱ्याची. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, कारण तो गरिबाच्या नावाने येतो: स्वस्त कपडा गरिबाला मिळू नये काय? किलोभर कापडात साधारण चार-पाच टी-शर्ट बसतात. वरच्या उदाहरणात शुल्काचा फरक किलोला ८५ रुपये होता. म्हणजे एका सदऱ्यामागे सतरा ते एकवीस रुपये. हा फरक ग्राहकाच्या खिशात जातो असे मानणाऱ्याने बाजारात जाऊन किंमतपट्टी पाहावी. मात्र लुधियान्यातील ज्या घरात दोन गोल विणयंत्रे आहेत आणि चार माणसे काम करतात, तिथे सदऱ्यामागचे हेच वीस रुपये म्हणजे यंत्र चालू राहणे किंवा भंगारात जाणे.

इचलकरंजी, मालेगाव, भिवंडीच्या यंत्रमागधारकांनी हा निटवाल्यांचा प्रश्न म्हणून सोडून देऊ नये. त्यांचा कृत्रिम धाग्याचा माल ५४ आणि ५५ व्या प्रकरणांत येतो आणि तिथेही ओळीशेजारी ओळ आहेच.

करायचे काय? सरकारी समित्यांच्या अहवालांची येथे गरज नाही. ६० व्या प्रकरणातील कृत्रिम धाग्याच्या सर्व कापडाला, शीर्षक कोणतेही असो, 'वीस टक्के किंवा किलोमागे ठरावीक रुपये' हा एकच दर लावावा. शेजारच्या ओळीत जाऊन काहीच वाचत नसेल तर खोटे आकडे लिहिण्याची तसदी कोण घेईल? हे करायला नवा कायदा लागत नाही. दुसरे, न्हावा शेवा, मुंद्रा आणि कोलकाता येथे उतरणाऱ्या निट कापडाच्या खेपांचे नमुने सोडतीने नव्हे, तर ठरलेल्या प्रमाणात काढावेत आणि अहवाल येईपर्यंत फरकाच्या रकमेची हमी घ्यावी. तिसरे, शुल्कमुक्त येणाऱ्या कपड्याबाबत आयातदाराकडून कापडाच्या मूळ देशाचा पुरावा मागावा. २०२० मध्ये सीमाशुल्क कायद्यात २८ डीए हे कलम घालून आणि त्यासोबत नियम करून सरकारने तो अधिकार स्वतःकडे घेतलाच आहे. वापर तेवढा व्हायला हवा.

बांगलादेशाने अल्पविकसित देशांच्या गटातून बाहेर पडण्यासाठी संयुक्त राष्ट्रांनी नोव्हेंबर २०२६ ही मुदत ठरवून दिली. त्या निमित्ताने सवलती चालू ठेवण्याच्या नव्या कराराची बोलणी जेव्हा होतील तेव्हा भारताने एकच आग्रह धरावा: कापड विणणे आणि कपडा शिवणे, दोन्ही त्या देशात झाले असेल तरच सवलत. यात अन्याय्य असे काही नाही. मुक्त व्यापाराचे धडे जगाला देणारा युरोपीय संघ २०११ पर्यंत गरीब देशांच्या कपड्यांना नेमकी हीच दुहेरी अट लावत होता.

आणि खासदारांनी अधिवेशनात विचारावेत असे दोन प्रश्न. शुल्क वाढलेल्या नऊ ओळींखालील आयात फेब्रुवारी २०२५ पासून किती बदलली आणि त्याच काळात ६००१ व ६००५ खालील आयात किती बदलली? निट कापडाच्या किती खेपांचे नमुने प्रयोगशाळेत गेले आणि त्यांतील कितींचे वर्गीकरण बदलावे लागले? पहिल्या प्रश्नाचे आकडे वाणिज्य मंत्रालयाकडे आठ अंकांपर्यंत, महिन्यागणिक नोंदलेले असतात. दुसऱ्याचे सीमाशुल्क खात्याने द्यावेत.